दहावीनंतरची सुट्टी आणि अकरावीचे इंग्रजी साहित्य : मराठी माध्यमातील मुलीने काय वाचावे?

नाटे बंदर (प्रश्न)

नमस्कार. मी राजापूर तालुक्यात नाट्याजवळ राहतो. माझी मुलगी मराठी माध्यमातून शिकली असून यंदा मार्चमध्ये तिने दहावीची परीक्षा दिली. अकरावीला कला शाखेत जाऊन अनिवार्य इंग्रजीबरोबरच इंग्रजी साहित्य हा विषयही घ्यायचा, असे तिने ठरवले आहे. मराठी ती भरपूर वाचते. दिवाळी अंक आले की घरात सर्वांत आधी तिच्या हाती जातात. मात्र पाठ्यपुस्तकाबाहेरचे एकही इंग्रजी पुस्तक तिने आजवर पूर्ण वाचलेले नाही.

मुंबईच्या एका नातेवाइकांनी तिला बारा कादंबऱ्यांची यादी पाठवली आणि त्यांपैकी डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ प्रत्यक्ष पुस्तकरूपातही दिली. तिने ती उत्साहाने हाती घेतली. पहिल्या चार पानांत जवळजवळ चाळीस शब्द शब्दकोशात पाहिले आणि पुस्तक मिटून ठेवले. “बाबा, हा विषय माझ्यासाठी नसावा,” एवढेच ती म्हणाली. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

कॉलेज सुरू होईपर्यंत साधारण दोन महिने हाताशी आहेत. सकाळचा वेळ काजू आणि कोकमाच्या कामात जातो. दुपारी बारा ते चार उन्हामुळे कोणी घराबाहेर पडत नाही, तेवढा वेळ तिला वाचनासाठी मिळू शकतो. माझे स्वतःचे शिक्षण बारावी विज्ञानापर्यंत झाले असल्यामुळे या बाबतीत मी तिला दिशा दाखवू शकत नाही. तिने कोणती पुस्तके वाचावीत, किती वाचावीत, मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या आवृत्त्या चालतील का आणि मराठी अनुवाद आधी वाचावा की नंतर, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त इंग्रजी शिक्षक, रत्नागिरी

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे इंग्रजी शिकवले आणि मराठी माध्यमातून आलेली मुले प्रत्येक वर्षी पाहिली. त्या अनुभवावरून लिहितो.

नातेवाइकांनी दिलेली यादी वाईट नाही, परंतु तिचा क्रम उलटा आहे. डिकन्सने ती कादंबरी १८६०–६१ मध्ये एका साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. आठवड्याला एक हप्ता वाचणाऱ्या आणि त्या काळचे इंग्लंड डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांसाठी ती लिहिलेली आहे. आपल्या मुलीला भाषा अनोळखी, काळ अनोळखी आणि प्रदेशही अनोळखी, असे तीन डोंगर एकाच वेळी चढावे लागले. पहिल्या पुस्तकात यांपैकी एकच डोंगर असावा, म्हणजे भाषेचा. बाकी सगळे ओळखीचे असावे.

म्हणून माझी पहिली शिफारस अनिता देसाई यांच्या ‘द व्हिलेज बाय द सी’ची आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी अलिबागजवळच्या थळ गावात घडते. पहाटे समुद्रातल्या खडकाला फुले वाहणारी लीला, तिचा भाऊ हरी, अंथरुणाला खिळलेली आई, दारूच्या आहारी गेलेले वडील आणि गावात येऊ घातलेला खताचा कारखाना, अशी ही कथा आहे. कारखान्याला विरोध करण्यासाठी निघालेल्या लोकांबरोबर हरी मुंबईला जातो, एका खाणावळीत राबतो आणि शेजारच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करायला शिकतो. होडी, जाळे, नारळाची बाग, मृगाच्या आधीचा उकाडा यांसाठी तुमच्या मुलीला शब्दकोश उघडावा लागणार नाही. एखादा इंग्रजी शब्द अडला, तरी तो कोणत्या वस्तूसाठी आला असेल हे ती अंदाजाने ओळखेल. अंदाज बांधत पुढे जाण्याची ही सवय हेच साहित्याच्या वाचनाचे पहिले कौशल्य आहे आणि शब्दकोश सतत मांडीवर ठेवल्याने नेमके तेच हरवते.

दुसरे पुस्तक हेमिंग्वेचे ‘द ओल्ड मॅन अँड द सी’. हे १९५२ चे आहे, शंभराच्या आसपास पानांचे आहे आणि त्यातील बहुतेक शब्द लहान व रोजचे आहेत. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला एक म्हातारा कोळी पुन्हा एकटाच समुद्रात जातो, इतकीच गोष्ट. आता यात ‘साहित्य’ कोठे आहे, हे तिने कसे पाहावे, तेवढे एका उदाहरणाने सांगतो. अगदी आरंभीच म्हाताऱ्याच्या होडीच्या शिडाचे वर्णन येते. त्या शिडाला पिठाच्या पोत्यांची ठिगळे लावलेली आहेत आणि गुंडाळून ठेवल्यावर ते कायमच्या पराभवाच्या निशाणासारखे दिसते, असे लेखक म्हणतो. तेथे थांबून वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : ही उपमा आहे हे मला कशावरून कळले, लेखकाने ती शिडालाच का दिली, आणि पुस्तक संपल्यावर ती मला खरी वाटते का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच दिवशी मिळतील, तिसऱ्याचे उत्तर शेवटचे पान वाचल्यावर. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती हे अलंकार ती मराठीच्या तासाला शिकलेली आहे. इंग्रजीत त्यांची नावे बदलतात, त्यांचे काम बदलत नाही. वर्गात कित्येक मुलांना हे कोणी सांगितलेलेच नसते आणि ती बिचारी सगळे नव्याने शिकायला बसतात.

तिसरी गोष्ट नाटकाची. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या इंग्रजी युवकभारतीत नाटकावर स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात लेडी ग्रेगरीच्या ‘द रायझिंग ऑफ द मून’ या एकांकिकेचा अंश घेतलेला आहे. ही १९०७ ची आयरिश एकांकिका आहे आणि ती पूर्ण वाचायला तासभरही लागत नाही. सगळा प्रसंग एका बंदराच्या धक्क्यावर रात्री घडतो. तुरुंगातून पळालेला एक बंडखोर, त्याला पकडण्यासाठी उभा असलेला पोलीस हवालदार, शंभर पौंडांचे बक्षीस आणि पुढ्यात भरतीचे पाणी. ही एकांकिका मनात वाचू नये. घरातल्या दोघांनी भूमिका वाटून घेऊन मोठ्याने वाचावी.

दोन महिन्यांत एवढे पुरे आहे. वेळ उरलाच, तर ओ. हेन्रीच्या दोन-तीन कथा आणि आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ वाचावी. १९३५ सालची ही शाळकरी मुलाची कादंबरी वाचताना इंग्रजी आपल्याच मातीत किती सहज नांदू शकते, हे तिच्या लक्षात येईल.

संक्षिप्त आवृत्त्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. साहित्य शिकण्यासाठी त्या वाचू नयेत. त्यांत कथानक शिल्लक राहते आणि वाक्ये जातात. परीक्षेत आणि पुढेही जे शिकायचे असते, ते त्या गेलेल्या वाक्यांतच असते. चारशे पानांची कादंबरी कापून साठ पानांत वाचण्यापेक्षा मूळ साठ पानांची कृती पूर्ण वाचलेली बरी.

वेंगुर्ल्याची विद्यार्थिनी

मी सध्या इंग्रजी विषयात एम. ए. करत आहे आणि माझेही शालेय शिक्षण मराठी माध्यमातूनच झाले. सरांनी सांगितलेल्या पहिल्या पुस्तकाशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र मराठी अनुवादाचा प्रश्न त्यांच्याकडून राहून गेला, म्हणून मी त्याबद्दल लिहिते.

अनुवाद वाचणे म्हणजे लबाडी, असे मला अकरावीत वाटत असे आणि त्यामुळे माझे एक वर्ष फुकट गेले. आज माझे मत असे आहे की अनुवाद मूळ पुस्तकाच्या आधीही वाचू नये आणि त्याच्याऐवजी तर मुळीच वाचू नये. तो मूळ पुस्तकासोबत वाचावा. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा ‘एका कोळियाने’ हा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद अनेक वाचनालयांत मिळतो. मूळ दोन पाने वाचावीत, मग तीच दोन पाने मराठीत वाचावीत आणि अनुवादकाला कोठे वेगळी वाट घ्यावी लागली ते शोधावे. माझ्या अनुभवात एका तासाच्या अशा तुलनेने जितकी भाषा कळते, तितकी व्याकरणाच्या आठवडाभराच्या अभ्यासानेही कळत नाही. कोणता शब्द अनुवादात मावला नाही, हे कळले की मूळ शब्दाचे वजन कळते.

शेक्सपिअरबद्दलही सांगते, कारण मुले सर्वांत जास्त त्यालाच घाबरतात. युवकभारतीच्या त्याच नाट्यविभागात ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चाही अंश आहे. या नाटकात काही कारागीर मिळून राज्यकर्त्या ड्यूकच्या लग्नासाठी नाटक बसवतात. त्यांत एक सुतार आहे, एक विणकर आहे, आणि भाते दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाला नायिकेची भूमिका दिली जाते, तेव्हा तो म्हणतो की मला आता दाढी फुटू लागली आहे. हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा मला आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार आठवला. दिवसा शेती किंवा मजुरी करणारे पुरुष रात्री रंग लावून उभे राहतात, स्त्रीपात्रेही पुरुषच करतात, देखावे जवळजवळ नसतातच, आणि एकाच बाकड्याचे कधी सिंहासन होते तर कधी पर्वत. शेक्सपिअरच्या काळीही स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करत. १५९९ साली उभे राहिलेले त्याचे ग्लोब नाट्यगृह मधोमध उघडे होते, खेळ दिवसाउजेडी होत, आणि रात्र झाली आहे हे प्रेक्षकांना पात्रांच्या बोलण्यातूनच कळत असे. त्याच्या नाटकांत चंद्राची, अंधाराची, वादळाची इतकी वर्णने का आहेत, याचे एक मोठे कारण येथे आहे. फरकही सांगायला हवा : दशावतारातले संवाद बरेचसे नट रंगमंचावरच रचतात, तर शेक्सपिअरचे संवाद लिहिलेले असत आणि नटांना ते पाठ करावे लागत. ज्या मुलीने रात्रभर जागून दशावतार पाहिला आहे, तिला हे रंगमंच समजावून सांगण्याची गरज नाही.

हे नाटक वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी. कारागीर बहुतेक वेळा साध्या गद्यात बोलतात आणि प्रेमिक पद्यात बोलतात. पानावर नजर टाकूनही हे दिसते. गद्याच्या ओळी पानाच्या कडेपर्यंत जातात, पद्याच्या मध्येच तुटतात. कोण कशात बोलतो आणि कोठे बदलतो, एवढेच टिपले तरी नाटकाचा निम्मा अभ्यास होतो.

मूळ नाटकाच्या आधी कथा माहीत असावी, यासाठी चार्ल्स आणि मेरी लॅम या भावा-बहिणीचे ‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ हे १८०७ चे पुस्तक चांगले आहे. परंतु त्याची भाषा दोनशे वर्षांपूर्वीची आहे, त्यामुळे नवख्या मुलीने एकच कथा वाचावी. आमच्या वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांनी ‘द टेम्पेस्ट’ मराठीत ‘वादळ’ या नावाने आणले आहे आणि देवगड तालुक्यातील धालवलीत जन्मलेले विंदा करंदीकर, जे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते, त्यांनी ‘किंग लिअर’ मराठीत आणले आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या दोन कवींनी शेक्सपिअरशी एवढी झुंज घेतली आहे, हे मला माझ्या शाळेत कोणी सांगितले असते, तर मी तो विषय परक्याचा समजून इतकी वर्षे दूर उभी राहिले नसते.

ग्रंथालय कर्मचारी, चिपळूण

पुस्तके कोठे मिळतील, याबद्दल थोडक्यात लिहितो. ओ. हेन्री, डिकन्स, लॅम आणि लेडी ग्रेगरी यांचे जुने लेखन ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि ते मोबाइलवर उतरवून घेता येते. ‘लिब्रिव्हॉक्स’वर अशाच जुन्या पुस्तकांची स्वयंसेवकांनी केलेली ध्वनिमुद्रणे मिळतात. पुस्तक समोर ठेवून ऐकले, तर उच्चार आणि वाक्यातले विराम दोन्ही कानात बसतात. खाडीकाठच्या गावांत नेटवर्क जेमतेम असते, त्यामुळे तालुक्याच्या गावी आल्यावर एकदाच सगळे उतरवून घ्यावे. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ‘द व्हिलेज बाय द सी’ मात्र विकत घ्यावे लागेल किंवा वाचनालयातून आणावे लागेल. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. नाट्याहून तेथे जाणे होत असेल, तर चौकशी करावी.

संक्षिप्त आवृत्त्यांबाबत सरांशी माझा नम्र मतभेद आहे. आमच्याकडे येणाऱ्या, ज्यांच्या घरात एकही इंग्रजी पुस्तक नाही अशा मुलांनी संक्षिप्त ‘ट्रेझर आयलंड’पासूनच सुरुवात केलेली मी पाहिली आहे. ‘मी इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचले’ हा अनुभव पहिल्यांदा येणे फार महत्त्वाचे असते. त्यातली दोन मुले नंतर मूळ पुस्तक मागायला आली. तुमची मुलगी मराठीत पक्की वाचक आहे, त्यामुळे तिला कदाचित या पायरीची गरज नाही. पण ही पायरी सरसकट काढून टाकू नये.

निवृत्त इंग्रजी शिक्षक, रत्नागिरी

ग्रंथालयातील बंधूंचे म्हणणे मला मान्य आहे. मी साहित्य विषय घेणाऱ्या मुलीच्या दृष्टीने लिहिले होते, वाचनाची गोडी नुकतीच लागत असलेल्या मुलांसाठी त्यांचा मार्ग योग्य आहे. अनुवाद सोबत ठेवण्याची वेंगुर्ल्याच्या ताईंची सूचना तर मी माझ्या विद्यार्थ्यांना द्यायला हवी होती.

नाटे बंदर

सर्वांचे मनापासून आभार. ‘द व्हिलेज बाय द सी’ रत्नागिरीहून मागवले आहे. ते येईपर्यंत एकांकिका मोबाइलवर उतरवून घेतली. एक शंका राहिली. तिला कवितेची सर्वांत जास्त भीती वाटते. इंग्रजी कविता वाचताना शब्द कळले तरी चाल लागत नाही, असे ती म्हणते. सुट्टीत कविता घ्यावी की ती वर्गावरच सोडावी?

निवृत्त इंग्रजी शिक्षक, रत्नागिरी

जरूर घ्यावी, आणि तिची तक्रार अगदी नेमकी आहे. मराठी वृत्त अक्षरांच्या लघु-गुरूवर किंवा मात्रांवर चालते. त्यामुळे आपला कान अक्षर किती लांबले ते मोजतो. इंग्रजी छंद आघातावर चालतो, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर पडतो त्यावर. आपण इंग्रजी ओळ मराठी पद्धतीने सगळ्या अक्षरांना सारखे वजन देत वाचली, की तिची चाल मोडते. यावर उपाय सोपा आहे. ओळ मोठ्याने वाचायची, जेथे जोर पडतो तेथे टेबलावर बोट आपटायचे आणि पेन्सिलीने त्या जागी खूण करायची. शेक्सपिअरच्या सुनीताच्या (सॉनेटच्या) एका ओळीत साधारणपणे दहा अवयव आणि पाच आघात असतात, हलका-जड, हलका-जड असे. आठवडाभर रोज चार ओळी केल्या, की कान तयार होतो.

सुनीताचे नाव आले म्हणून सांगतो. हा चौदा ओळींचा काव्यप्रकार मराठीत प्रथम आणला तो केशवसुतांनी, आणि त्यांचा जन्म १८६६ सालचा, गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडचा. त्यांच्या घरात आता स्मारक आहे. सुट्टीत एक दिवस काढून मुलीला तेथे न्यावे. त्यांचे एक सुनीत आणि शेक्सपिअरचे एक सुनीत शेजारी शेजारी ठेवून पाहावे. शेक्सपिअर चौदा ओळींची विभागणी चार, चार, चार आणि शेवटी दोन अशी करतो आणि त्या शेवटच्या दोन ओळींत बहुधा विचाराला वळण देतो. दुसऱ्या, इटालियन पद्धतीत आठ ओळी आणि सहा ओळी असे दोन भाग असतात. केशवसुतांनी यांपैकी काय घेतले आणि काय सोडले, हे तिने स्वतः यमके मोजून शोधावे. मी मुद्दाम सांगत नाही.

यमकाशिवायची कविताही एक तरी वाचावी. अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणारे कवी होते. त्यांचा १९७६ चा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह छोट्या, साध्या शब्दांच्या कवितांचा आहे आणि त्यातले देऊळ, पुजारी, एसटी तिच्या ओळखीचे आहेत. शब्द सोपे असूनही कवितेला खोली कशी येते, हे तेथे उत्तम दिसते.

डिकन्सचे पुस्तक मात्र परत करू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचे फक्त पहिले प्रकरण पुन्हा वाचायला सांगा. कबरस्तानात उभ्या असलेल्या लहान पिपची, म्हणजे कथानायकाची, ती हकीकत मोठा झालेला पिप सांगत आहे. घाबरतो तो लहान मुलगा, आणि शब्द निवडतो तो प्रौढ माणूस. कोणत्या वाक्यात कोणाचा आवाज आहे, हे ओळखता आले, तर निवेदक म्हणजे काय ते तिला वेगळे शिकवावे लागणार नाही. या वेळी शब्दकोश शेजारच्या खोलीत ठेवावा.

नाटे बंदर

सर, काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघे मुसाकाझीच्या धक्क्यावर गेलो आणि तेथेच ‘द रायझिंग ऑफ द मून’ मोठ्याने वाचली. हवालदाराची वाक्ये मी वाचली, फरारी माणसाची तिने. माझे उच्चार तिने तीन-चार ठिकाणी दुरुस्त केले. हवालदार आणि तो अनोळखी माणूस पिंपावर एकमेकांकडे पाठ करून बसतात, तेथे ती थांबली. मी म्हणालो, धक्क्याच्या दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवता यावे म्हणून तसे बसले असतील. नाटकातही तेच कारण दिले आहे. ती थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “ते त्यांनी सांगितलेले कारण आहे. पण तोंड दिसत नाही म्हणूनच हवालदार इतके मनातले बोलू शकतो ना?” घरी आल्यावर तिने हे वहीत लिहिले आणि खाली पुढचा प्रश्न लिहून ठेवला : बक्षिसाचे शंभर पौंड सोडून दिल्यावर हवालदार शेवटी प्रेक्षकांकडे वळून प्रश्न विचारतो, तो खरोखर त्यांना विचारतो की स्वतःला? उत्तर तिने अजून लिहिलेले नाही.